आईचं कॅल्शियम ११.२ आणि पीटीएच ११८ आलंय, पॅराथायरॉइड म्हणतायत, कुणाला अनुभव आहे का?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी, आईबद्दल विचारायचंय, जरा लांब होईल पण प्लीज पूर्ण वाचा.

आई ५८ वर्षांची. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. गेली दोन-अडीच वर्षं ती सतत थकलेली असते, सकाळी उठल्या उठल्याच म्हणते अंगात त्राण नाही, गुडघे नाही तर मांडीची हाडंच ठणकतात, पोट साफ होत नाही, रात्री तीन-तीनदा लघवीला उठते आणि उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा. विसरायला पण लागलीय, गॅसवर दूध ठेवून बाल्कनीत जाऊन बसते. सगळे म्हणाले पाळी गेली की असंच होतं, वय झालं. गेल्या वर्षी किडनी स्टोन झाला तेव्हा बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी टँकरच्या पाण्याला दोष दिला, आम्ही पण महागातला फिल्टर बसवून मोकळे झालो. आणि दोन महिन्यांपूर्वी जिन्यात पाय सरकून नुसती हातावर बसली तर मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना ते खटकलं, एवढ्याशा पडण्याने मोडायला नको म्हणाले आणि रक्ताच्या टेस्ट लिहून दिल्या.

रिपोर्ट असे: कॅल्शियम ११.२ (लॅबची रेंज ८.५ ते १०.५), अल्ब्युमिन ४.१, फॉस्फरस २.३, व्हिटॅमिन डी १४, क्रिएटिनिन ०.९, पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन ११८ (रेंज १५ ते ६५). पॅराथायरॉइड जास्त काम करतेय असं दिसतं म्हणाले, एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात.

परवा रात्री जुनी फाइल काढली. २०२२ च्या हेल्थ चेकअपमध्ये कॅल्शियम १०.९ होतं, शेजारी ठळक 'एच' छापलेलं. तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, ते म्हणाले कॅल्शियम जास्त म्हणजे हाडं चांगली, आणि मी रिपोर्ट घडी घालून ठेवून दिला. ते आठवलं की झोप लागत नाही.

विचारायचं हे की हा थायरॉइडचाच प्रकार का, आईची टीएसएच तर नॉर्मल आहे. रक्तात कॅल्शियम जास्त आणि हाडं ठिसूळ, दोन्ही एकत्र कसं? आईने परवापासून दूध, दही, नाचणी सगळं बंद केलंय ते बरोबर का? आणि ऑपरेशन टाळता येतं का, ती गळ्याच्या ऑपरेशनच्या नावानेच रडते.

कळवा_नाका

काळजी करू नका दादा. माझ्या जावेचा पीटीएच पण १३० आला होता, व्हिटॅमिन डीचे सॅशे घेतले आठ आठवडे आणि आपोआप उतरला. आधी डी भरून काढा, ऑपरेशनची घाई नको. दूध बंद केलं ते चांगलंच केलं.

वाशी_बायोकेम

मी वाशीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघतो, १९ वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते नक्की सांगू शकतो.

कळवाताई, तुमच्या जावेचं कॅल्शियम किती होतं ते बघा एकदा, माझा अंदाज ते नॉर्मल किंवा कमीच असणार. व्हिटॅमिन डी कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, मग ग्रंथी बिचाऱ्या जोर लावतात आणि पीटीएच वाढतं. तिथे ग्रंथी चुकत नाहीयेत, त्यांचं कामच ते आहे, डी भरलं की शांत होतात. इथे कॅल्शियम ११.२ आहे. एवढं कॅल्शियम असताना पीटीएच पार तळाला गेलेलं असायला हवं होतं, ते ११८ आहे. दोन्ही केस दिसायला सारख्या, आतून उलट्या. म्हणून पीटीएच एकटं कधी वाचू नये, त्याच नमुन्यातलं कॅल्शियम शेजारी ठेवून वाचायचं. आणि पीटीएच ५० आलं असतं, म्हणजे रेंजमध्ये, तरी ११.२ कॅल्शियमसोबत ते ५० सुद्धा चुकीचंच धरलं असतं. खूप रिपोर्ट इथेच सुटतात, पीटीएचपुढे 'एच' नाही म्हणून कुणी बघत नाही.

आता प्रश्नांकडे येतो. थायरॉइडशी नातं फक्त शेजाराचं. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार छोट्या ग्रंथी चिकटलेल्या असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, काम पूर्ण वेगळं, म्हणून टीएसएच नॉर्मल असणं इथे काहीच सांगत नाही. माणसात त्या सगळ्यात उशिरा सापडल्या, १८८० साली स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रोम नावाच्या मेडिकल विद्यार्थ्याने त्यांचं नीट वर्णन केलं, आणि त्याच्या आधी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्यात रिचर्ड ओवेनला ती दिसली होती, तो गेंडा आपल्याकडचा एकशिंगी होता, हे मला फार आवडतं म्हणून सांगितलं.

हाडांचं असं बघा. तुमच्या सोसायटीत वर एक टाकी आणि खाली जमिनीत एक मोठी टाकी असेल. वरची पातळी खाली गेली की सेन्सर पंप चालू करतो, भरली की बंद. रक्त म्हणजे वरची छोटी टाकी, हाडं म्हणजे खालची. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांतच असतं, साधारण एक किलो. पॅराथायरॉइड हा सेन्सर आणि पीटीएच म्हणजे पंपाचं बटण. चारपैकी एका ग्रंथीत गाठ झाली की तिला टाकी भरलेली दिसतच नाही, पंप रात्रंदिवस चालू. खालची टाकी आटत जाते, वरची वाहून जाते. वरून वाहणारं जातं किडनीतून लघवीत, म्हणून रात्री उठणं, तहान आणि स्टोन. पीटीएच फॉस्फरस मात्र लघवीतून बाहेर काढतं, तुमचं २.३ तेच सांगतंय. स्टोन, मनगट, थकवा, पोट साफ न होणं, विसरणं, हे पाच आजार नाहीत हो, बहुतेक एकच आहे. तुमच्या फिल्टरवाल्या पाण्याचा यात काही हात नाही.

यातल्या साधारण ८० ते ८५ टक्के लोकांत एकाच ग्रंथीत साधी गाठ असते, बाकीच्यांत जास्त ग्रंथी फुगलेल्या असतात, कॅन्सर १ टक्क्याहूनही कमी. गाठ शब्द ऐकून आई घाबरल्या असतील तर हे त्यांना आजच सांगा.

दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम तोडलं की सेन्सर आणखी पेटतो आणि हाडांतूनच ओढतो. नेहमीचं जेवण, भरपूर पाणी. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टर सांगेपर्यंत थांबवा, आणि ६०,००० चे डीचे सॅशे मनाने अजिबात घेऊ नका, कॅल्शियम चढलेलं असताना डी देतात पण हळूहळू, मोजून.

एक विचारायचं राहिलं, आई बीपीची गोळी घेतात का? नाव नाही, आत काय काय आहे ते स्ट्रिपच्या मागे बघा.

कासारवडवलीकर

टाकीचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, तिला पहिल्यांदा नीट कळलं. रात्री वाटीभर दही खाल्लं.

बीपीची गोळी घेते, चार वर्षं. स्ट्रिपवर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन लिहिलंय. काही संबंध आहे का?

वाशी_बायोकेम

आहे, क्लोरथॅलिडोन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात, त्यामुळे रक्तात थोडं वाढतं. डॉक्टरांना हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. गोळी तुम्ही बंद करू नका, बीपी उडेल, ते बदलून देतील आणि मग परत तपासतील. नुसत्या गोळीने पीटीएच ११८ होत नाही, पण बघायला हवंच. असंच मूडच्या आजारावरच्या लिथियमचं, कुणी घेत असेल तर. आणि केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी लॅबमध्ये सांगा, पीटीएचचा आकडा चुकू शकतो.

परत रक्त द्याल तेव्हा सकाळी उपाशी, आणि हात फार वेळ आवळून बांधून ठेवू देऊ नका, मूठ उघड-बंद करायची गरज नसते, त्याने कॅल्शियम खोटं चढतं. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, दरवेळी सोबत, कारण रक्तातलं साधारण ४० टक्के कॅल्शियम त्याला चिकटून असतं. तुमचं ४.१ आहे म्हणजे ११.२ हा खराच आकडा आहे.

नेरुळच्या_बाई

आजच वाचलं हे. माझं ऑपरेशन झालंय या आजाराचं, दोन वर्षं होतील, म्हणून आईंसाठी लिहिते. मी नेरुळला प्राथमिक शाळेत शिकवते, दुसरीचा वर्ग.

माझी सुरुवात पण अशीच, मला वाटायचं शाळेचा थकवा आहे. फळ्यावर लिहिताना दंड भरून यायचा, मुलांची नावं आठवायची नाहीत, ज्यांना रोज हाका मारते त्यांची. घरात चिडचिड इतकी की लेकाने बोलणं कमी केलं. डिप्रेशनची गोळी चालू झाली होती. कॅल्शियम ११.६ निघालं ते अपघाताने, दुसऱ्याच कामासाठी केलेल्या टेस्टमध्ये.

मला सगळ्यात भीती आवाजाची होती. गळ्याला सुरी लागणार आणि मी बाई, आवाज गेला तर काय करणार. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं की आवाजाची नस अगदी ग्रंथीच्या जवळून जाते, म्हणूनच ज्यांचा या ऑपरेशनवर हात बसलाय अशांकडूनच करून घ्या, आणि मी तुम्हाला पण तेच सांगेन, कुठलं हॉस्पिटल यापेक्षा सर्जनला विचारा की वर्षाला अशी किती करता. अनुभवी हातात १०० पैकी ९५ च्या वर लोक बरे होतात. विचारायला लाजू नका, त्यांना राग येत नाही.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं. त्यात एक गोष्ट ऐकून मला नवल वाटलं होतं, पीटीएच रक्तात पाचेक मिनिटांत निम्मं होतं, म्हणून गाठ काढल्यावर टेबलवरच दहा मिनिटांनी रक्त घेतात आणि निम्म्याहून खाली आलं की कळतं, चोर सापडला, बाकीच्या ग्रंथींना हात लावायला नको. माझी गाठ चिंचोक्याएवढी होती, बाटलीत दाखवली मला, तपकिरी पिवळट. एवढ्याशा वस्तूने माझी चार वर्षं खाल्ली. शुद्ध आली तेव्हा नर्सनी नाव विचारलं आणि मी माझं नाव घेतलं, तो घोगरा का होईना माझाच आवाज ऐकून मी रडले.

आईंना हे आधीच सांगून ठेवा की दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतील कदाचित. मला दात घासताना आल्या. घाबरायचं नाही पण गप्प पण बसायचं नाही, लगेच सांगायचं. उपाशी राहिलेली हाडं एकदम कॅल्शियम ओढून घेतात आणि आळशी झालेल्या बाकीच्या तीन ग्रंथींना जागं व्हायला वेळ लागतो, तोवर गोळ्या देतात. मला पाच आठवडे घ्याव्या लागल्या.

आणि कासारवडवलीकर, २०२२ च्या त्या रिपोर्टबद्दल. माझ्या फाइलमध्ये पण तसा एक कागद आहे. तुम्ही तो डॉक्टरला दाखवला होतात, तुमचं काम तुम्ही केलं होतं. आता तोच कागद अपॉइंटमेंटला घेऊन जा, तीन वर्षं चढतंय हे त्यावरून दिसतं, त्याचा उपयोग आहे.

खारघर_सेक्टर१२

थोडं वेगळं, पण कुणी असंच शोधत इथे आलं तर म्हणून लिहितो. वडील डायलिसिसवर आहेत सहा वर्षं, त्यांचा पीटीएच ९०० च्या वर गेला होता. तिथे मूळ किडनीत असतं, किडनी व्हिटॅमिन डीला कामाचं रूप देऊ शकत नाही, फॉस्फरस साठतं, म्हणून चारही ग्रंथी फुगतात. आमचं सगळं फॉस्फरस उतरवण्यावर चालतं, जेवणासोबतच्या गोळ्या आणि पीटीएच उतरवणारं सिनाकॅलसेट. तुमच्या आईंचं क्रिएटिनिन ०.९ आहे म्हणजे हा तो प्रकार नाही. वरचे सल्ले डायलिसिसवाल्यांनी आपल्याला लावू नका एवढंच, दुधाचं वगैरे आमच्याकडे उलट असतं.

कासारवडवलीकर

बाई, तुमचं लिहिलेलं आईला दोनदा वाचून दाखवलं. आवाजाचा भाग तिसऱ्यांदा तिने स्वतः चष्मा लावून वाचला.

अपॉइंटमेंट झाली. डॉक्टरांनी अर्धा तास दिला. बीपीची गोळी बदलली, तीन आठवड्यांनी परत कॅल्शियम. डी रोजच्या छोट्या डोसमध्ये सुरू केलंय. हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन सांगितलाय, मणका आणि खुबा तर आहेच पण मनगटाजवळचं हाड मुद्दाम, न मोडलेल्या हाताचं. २४ तासांची लघवी पण सांगितलीय, ती कशाला?

ऑपरेशनबद्दल म्हणाले की त्रास नसलेल्या आणि आकडे बेताचे असलेल्या लोकांना लक्ष ठेवून थांबवता येतं, वय ५० च्या आत असेल, कॅल्शियम रेंजच्या १ ने वर असेल, हाडं विरळ असतील, किडनी मंदावली असेल तर करा म्हणतात, पण आईला स्टोन आणि फ्रॅक्चर दोन्ही झालंय तर थांबण्यात तिचंच नुकसान. मुळापासून जायला ऑपरेशनच, गोळीने कॅल्शियम उतरवता येतं किंवा हाडं जरा धरून ठेवता येतात, गाठ जात नाही.

वाशी_बायोकेम

चांगले डॉक्टर मिळालेत. मनगटाचं हाड यासाठी की पीटीएच हाडाचं बाहेरचं कडक कवच आधी पोखरतं आणि तिथे ते कवचच जास्त असतं, नुसता मणका बघितला तर चांगलं आहे असं वाटू शकतं.

लघवीची टेस्ट एका गोष्टीसाठी फार महत्त्वाची. काही घराण्यांत जन्मापासूनच सेन्सर जरा वर लावलेला असतो, कॅल्शियम जास्त, पीटीएच थोडं जास्त, पण लघवीत कॅल्शियम अगदी कमी जातं आणि त्रास काही नसतो. त्यांचं ऑपरेशन करून उपयोग नसतो, म्हणून गळ्याला हात लावायच्या आधी हे तपासायचं. आईंना स्टोन झालाय म्हणजे तसं नसावं, तरी करा.

कॅन लॅबकडूनच घ्या. त्यात तळाला बहुतेक आम्ल घातलेलं असतं, हात लावू नका, थेट कॅनमध्ये करू नका, मगात घेऊन ओता. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची, तिथून पुढची प्रत्येक, रात्रीच्या तिन्ही सकट, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची शेवटची धरून. एक जरी चुकली तरी आमच्याकडे येणारा आकडा खोटा. रविवारी करा, आई घरात असतात तेव्हा. बाथरूमच्या दारावर कागद चिकटवा, मी माझ्या घरी तेच केलं होतं.

कळवा_नाका

जावेचा रिपोर्ट काढून बघितला, कॅल्शियम ८.७ होतं. म्हणजे तुमचं बरोबर आहे वाशीवाले. कासारवडवलीकर, मी दूध बंदचं आणि सॅशेचं चुकीचं लिहिलं, ते धरू नका. आईंना लवकर बरं वाटू दे.

कासारवडवलीकर

महिन्याने लिहितोय. गोळी बदलून पण कॅल्शियम ११.०, लघवीतलं कॅल्शियम ३४०, म्हणजे जास्तच. डेक्सात मनगट मायनस २.९, म्हणजे हाड बरंच विरळ. म्हणजे नक्की झालं.

पण परवा गाठ कुठे आहे ते शोधणारा सेस्टामिबी स्कॅन झाला आणि त्यात काहीच दिसलं नाही. हाताला इंजेक्शन देऊन मान मागे करून फोटो काढले, परत दोन तासांनी काढले. सोनोग्राफीत पण नाही. आई म्हणते मग मला आजारच नाही, घरी चला. मला पण कळेना.

वाशी_बायोकेम

आजार आहे की नाही ते रक्ताने ठरलं, स्कॅनने नाही. स्कॅन फक्त घराचा पत्ता सांगतो. पत्ता सापडला नाही म्हणून चोर नाही असं होत नाही, छोटी गाठ असली किंवा एकाहून जास्त ग्रंथी असल्या तर स्कॅन कोरा येतो. खालच्या दोन ग्रंथी गर्भात छातीतल्या थायमस ग्रंथीसोबत खाली उतरत येतात, कधी कधी मुक्कामी थांबतच नाहीत आणि छातीत जाऊन बसतात. अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचे एक जहाजाचे कॅप्टन होते, त्यांची सहा ऑपरेशनं करून गाठ सापडली नव्हती, सातव्यात १९३२ साली छातीत सापडली. तेव्हा असा स्कॅन नव्हता आणि रक्तात पीटीएच मोजायची सोय पण नव्हती. आता पुढची पायरी आहे, डाय सोडत ठरावीक सेकंदांनी काढतात तो ४डी सीटी, नाहीतर कोलीन पेट स्कॅन. सर्जनना विचारा. एन्डोक्राइनच्या दुसऱ्या मतासाठी परळचं केईएम पण आहे, तिथे स्वतंत्र विभाग आहे, पहाटेची लोकल पकडून जावं लागेल एवढंच.

आणि मध्ये जर आईंना उलट्या, ग्लानी, असंबद्ध बोलणं असं काही झालं तर थांबू नका, सरळ इमर्जन्सीला न्या आणि दारातच सांगा की कॅल्शियम जास्त असतं.

कासारवडवलीकर

सीटीत दिसली! डावीकडे खालची, थायरॉइडच्या खाली जरा घसरलेली, १४ मिमी. छातीत नाही, गळ्यातूनच निघेल म्हणाले. सर्जनना बाईंनी सांगितलेला प्रश्न विचारला, राग नाही आला, हसून आकडा सांगितला. मी ३१ चा आहे तर मला पण विचारलं की घरात कुणाला असं होतं का, बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो, तरी मी पण एकदा कॅल्शियम करून घेतलं, ९.४.

ऑपरेशन येत्या गुरुवारी. आई आज बॅग भरायला बसलीय. बाई, तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय की कपडे कसले न्यायचे आणि मंगळसूत्र कधी घालता येईल.

नेरुळच्या_बाई

पुढून बटणांचे गाऊन न्या, तीन तरी. डोक्यातून घालायचं काही नको, मान वर करवत नाही पहिले दोन दिवस. मऊ उशी घरची न्या. आणि मऊ भात, पेजेसाठी थर्मास, गिळताना दुखतं थोडं. मंगळसूत्र मी तीन आठवड्यांनी घातलं, जखमेवर घासू नये म्हणून आधी लांब वाटीचं. व्रण गळ्याच्या घडीतच बसतो, आता मलाच आरशात शोधावा लागतो. गुरुवारी संध्याकाळी आईंनी तुमचं नाव घेतलं की इथे लिहा, मी बघत असेन.